फाटक नसलेलं वीजकेंद्र

ग्लासगोहून दक्षिणेला निघालं की ईगल्सम गावाची जुनी दगडी घरं मागे पडतात, झाडी विरळ होते आणि रस्ता माळावर चढू लागतो. वर पोचावं तो समोर पवनचक्क्याच पवनचक्क्या! मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. त्या चालवणाऱ्या कंपनीचा आकडा आहे २१५. ब्रिटनच्या जमिनीवरचं हे सगळ्यात मोठं पवनऊर्जा केंद्र, नाव व्हाइटली. क्षमता ५३९ मेगावॅट.

पण मी चक्रावलो तो वेगळ्याच कारणानं. वीजकेंद्र म्हटलं की आपल्याला काटेरी तारा, कवटीचं चित्र आणि शिट्टी वाजवणारा रखवालदार एवढंच ठाऊक. इथे वाहनतळावरून एक बाई बाबागाडी ढकलत थेट यंत्रांच्या दिशेनं चालू लागल्या. त्यांच्या मागे दोन कुत्री, त्यांच्या मागे सायकलवाल्यांची टोळी. ना पास, ना नोंदवही, ना 'साहेबांना विचारून या'. क्रेन आणि अवजड गाड्यांसाठी बांधलेल्या खडीच्या रस्त्यांवर आता लोक फिरतात. अशा वाटा भरतात १३० किलोमीटरच्या वर. यात कंपनीचा मोठेपणा आहेच, पण कायदाही आहे. २००३च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर नीट वागून हिंडण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे.

मीही एका चक्कीच्या बुंध्याशी जाऊन उभा राहिलो. पांढऱ्या पोलादावर तिचा नंबर रंगवलेला, पाच-सहा पायऱ्या आणि कुलूपबंद दार. खांबाला तळहात लावला तर आतली बारीक थरथर हाताला कळते. लांबून चक्की घाण्याच्या बैलासारखी रेंगाळत फिरताना दिसते. खाली उभं राहिलं की तो भ्रम उतरतो. इथल्या जुन्या चक्क्यांच्या चाकाचा व्यास ९३ मीटर आणि वेग मिनिटाला जास्तीत जास्त १६ फेरे. गुणाकार करून पाहा: पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगानं डोक्यावरून जात असतं! दर पात्यागणिक 'हूऽऽप' असा आवाज येतो आणि गवतावरून एक लांबलचक सावली सरकते. शेजारच्या मेंढीनं मान वर करून पाहिलंही नाही. वाऱ्यानं दिशा बदलली की माथ्यावरची पेटी आपणहून तिकडे तोंड वळवते. आणि वादळच झालं तर पाती वाऱ्याला धार दाखवून थांबतात. जास्त वारा म्हणजे जास्त वीज, हे गणित एका हद्दीपर्यंतच खरं.

या लोकांनाही पवनचक्क्यांचं हे प्रेम पहिल्यापासून नव्हतं. ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजातले प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ साली मेरीकर्क गावी आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली आणि तिच्या विजेवर घरात दिवे लावले. वीज उरत होती, म्हणून गावच्या रस्त्यावर दिवे लावून देतो म्हणाले. गावकऱ्यांनी साफ नकार दिला. म्हणे, ही सैतानाची करणी! त्याच देशात आज लोक पवनचक्कीच्या सावलीत सँडविच खातात.

अभ्यागत केंद्रातलं प्रदर्शन मुलांना आवडेल असं आहे, पण शेवटी ते घरच्याच कौतुकाचं. माळाचं एकाकीपण गेलं, अशी तक्रार करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. क्षितिज आता कुठूनही मोकळं दिसत नाही. तरी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहायला ठोसेघरचे पर्यटक हटकून थांबतात, फोटो काढतात आणि निघून जातात, ते आठवलं. आपल्याकडे बघे आहेत, हौस आहे. त्यांना यंत्राची ओळख करून देणारं असं एखादं केंद्र आणि चार आखलेल्या वाटा तिथेही का असू नयेत?

ग्लासगोला जाणार असाल तर अर्धा दिवस काढाच. हिंडायला तिकीट नाही. वारं अडवणारं जाकीट आणि कानटोपी मात्र उन्हाळ्यातही जवळ ठेवा. आणि थंडीत गेलात तर पात्यांवरून बर्फ पडण्याच्या धोक्याचे फलक असतील, ते वाचूनच पुढे जा.