वजनकाटा, टेप आणि बाबांचे पाय

चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाने "मी वजन कमी करायचं ठरवलंय" असं जाहीर केलं की घरातलं कुणी ना कुणी पु. लं.च्या 'बटाट्याच्या चाळी'तला 'उपास' काढतंच. आमच्याकडेही तेच झालं. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला, "दीक्षित की दिवेकर?" जणू ग्वाल्हेर घराणं की किराणा! महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा : डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात की घरचं, आपल्या मातीतलं, थोडं थोडं खा आणि तुपाला घाबरू नका. २०१८-१९ च्या सुमारास तर लग्नाच्या पंगतीत याच्यावरून दोन तट पडायचे. मी कुठल्याच घराण्याचा गंडाबंद शागीर्द नाही. पण गेल्या चौदा महिन्यांत जे काही केलं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून ही पोस्ट.

आधी आकडे. वय ४७, उंची पाच फूट सात इंच, वजन ८४ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत HbA1c म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी निघाली ६.१. ५.७ च्या खाली असलात तर ठीक, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. मधला जो पट्टा आहे तो उंबरठा. मी त्या उंबरठ्यावर उभा होतो, एक पाय आत टाकायच्या बेतात.

पोटावरून आमच्या घरात विनोद पुष्कळ होतात. पण खरं सांगायचं तर मला धक्का बसला तो माझ्या पोटामुळे नाही, बाबांच्या पायांमुळे. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. आयुष्यात ते कधीच जाडे नव्हते. साठ किलोच्या वर काटा गेल्याचं कुणाला आठवत नाही. आणि तरीही त्यांना ४८ व्या वर्षी मधुमेह निघाला. "अहो, यांना कसा काय? हे तर काटक!" असं सगळे म्हणाले होते. गेल्या वर्षी गौरी-गणपतीत ते देवापुढे खाली बसले आणि त्यांना उठताच येईना. एक हात जमिनीला, एक माझ्या खांद्याला, तरी जमेना. शेवटी मी आणि भावाने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. कुणी काही बोललं नाही. आईने तेवढ्यात आरतीचं तबक उगाचच इकडचं तिकडे केलं. उचलताना त्यांच्या मांडीला माझा हात लागला. सगळा कपडाच हाताला लागला, आत मांस असं नव्हतंच.

तेव्हापासून प्रश्न पडला, की जाड नसलेल्या माणसाचं असं का होतं? वाचता वाचता उत्तर आमच्या पुण्यातच सापडलं. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक छोटासा लेख २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के! काटा दोघांना सारखाच म्हणतो, आतला माल वेगळा. दिसायला बारीक पण आतून चरबीदार, अशी आपल्याकडच्या पुष्कळ माणसांची घडण आहे. म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात आणि बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात.

दुसरी गोष्ट स्नायूंची. जेवल्यावर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात. मध्यमवयात हे स्नायू हळूहळू घटायला लागतात आणि वापरले नाहीत तर घट वेगाने होते. म्हणजे साखर ठेवायचं कोठारच लहान होत जातं. वर म्हातारपणी जमिनीवरून उठायलाही तेच लागतात. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात. मला बाबांसारखं 'काटक' व्हायचं नव्हतं. त्यामुळे काट्यापेक्षा टेप आणि पाय, असं धोरण ठरलं.

आता प्रत्यक्ष काय केलं ते. आठवड्यातून चार दिवस पर्वती. पायऱ्या १०३, रुंद आणि दगडी. पहिल्या दिवशी मधे दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. शेजारून सत्तरीच्या एक आजी पदर खोचून तिसऱ्या फेरीला निघाल्या होत्या... असो. हल्ली सलग चार फेऱ्या होतात. बाकीचे तीन दिवस घरीच जोर-बैठका. जिमची फी भरून पुण्य मिळवण्यापेक्षा हे बरं. सुरुवातीला पाच जोर आणि दहा बैठका म्हणजे डोंगर वाटायचा, आता पंधरा आणि चाळीस होतात. रात्री जेवण झाल्यावर शतपावली, खरं तर दहा-पंधरा मिनिटांची सहस्रपावली. जेवणानंतर थोडं चाललं की साखर कमी उसळते हे आता संशोधनात दिसलंय. आपल्या आज्यांनी त्याला नाव मात्र केव्हाच देऊन ठेवलं होतं.

खाण्याचं म्हणाल तर चालून चालून किती चालणार? तासभर चालून जेवढ्या कॅलरी जातात, जवळपास तेवढ्या एका वडापावात परत येतात. ऑफिसात पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला दहा चमचे. आता दोन चहा, बिनसाखरेचे. पहिले पंधरा दिवस काढा प्यायल्यासारखं वाटलं, मग जीभ सरावली. भाकरी दोनाची एक, उसळ एक वाटीची दोन वाट्या, ताक, अंडी, भात एक मूद. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, वर दाणे आणि तूप. तिला सोडलेलं नाही, पण ती आता ताटलीत येते, परातीत नाही. श्रीखंड सणापुरतं. बायको म्हणाली, "तुझ्यामुळे सगळ्या घराला मटकी!" पण तिची गुडघेदुखी कमी झाल्यापासून तक्रारीचा सूर जरा खाली आलाय.

हिशोब : वजन ८४ चं ७५, कंबर १०२ ची ९२, HbA1c ५.७. अजून उंबरठ्यावरच आहे, पण आता तोंड बाहेरच्या बाजूला आहे. मधले तीन महिने काटा ७८ वर ठाण मांडून बसला होता. रोज बघितला असता तर वैताग येऊन सगळं सोडून दिलं असतं. त्या काळातही टेप मात्र दीड सेंटिमीटर सरकली होती.

बाबांनाही डॉक्टरांना विचारून एक व्यायाम सुरू केलाय. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि बसायचं. पहिल्या दिवशी दोन झाले. आता आठ होतात. मोजताना ते नववा अर्धा धरतात, मी हरकत घेत नाही.

तेव्हा समस्त चुलत, मावस, आते आणि मामे भावंडांनो, तुमच्यातले जे "मला काय धाड भरलीय, मी तर बारीक" म्हणून खूश आहेत, ही पोस्ट मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. रक्त आपलं एकच आहे. एकदा साखर तपासा, कंबर मोजा, आणि आजच घरी जमिनीवर मांडी घालून बसा आणि कशालाही न धरता उठून बघा. किती सोपं गेलं ते प्रतिक्रियेत कळवा. खरं खरं!