आरोग्यातील नवसंशोधन : गरज कुणाची, फेलोशिप कुणाची?

फेलोशिप ही गोष्ट आंबेडकरी चळवळीला नवी नाही. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या साडेअकरा पौंडांतून पुढे काय उभे राहिले हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. आजही बार्टीच्या फेलोशिपसाठी आपले संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर उन्हातान्हात आंदोलनाला बसतात, कारण हा पैसा म्हणजे उपकार नसून शिकण्याचा हक्क आहे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

पण फेलोशिप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त पीएच.डी. येते. समाजशास्त्र, मराठी, राज्यशास्त्र, फार तर रसायनशास्त्र. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक वेगळ्या प्रकारची फेलोशिप उभी राहिली आहे. तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. या लेखात तिच्याविषयी बोलायचे आहे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 2001 च्या सुमारास पॉल यॉक आणि जोश मकोवर यांनी ‘बायोडिझाइन’ नावाचा उपक्रम सुरू केला. नंतर केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, दिल्लीचे एम्स आणि आयआयटी दिल्ली यांनी स्टॅनफर्डला सोबत घेऊन तो भारतात आणला. आपल्या महाराष्ट्रात 2014 साली आयआयटी मुंबईत ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू झाले. त्याच्या शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत निघाल्या. राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे पाठबळ त्यामागे होते. म्हणजे यात जनतेचा पैसा आहे, आपलाही आहे.

बायोडिझाइनची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एक डॉक्टर, एक इंजिनिअर, एक डिझायनर, एखादा व्यवस्थापन शिकलेला, अशी वेगवेगळ्या शाखांची टीम करायची. त्यांच्यावर अनुभवी मार्गदर्शक नेमायचे. सुरुवातीचे काही आठवडे काहीही बनवायचे नाही. रुग्णालयात जायचे, ओपीडीत, वॉर्डात, शस्त्रक्रियागृहात उभे राहायचे, पाहायचे आणि वहीत लिहायचे. अशा शेकडो गरजा टिपायच्या, चाळायच्या, आणि शेवटी एक गरज एका वाक्यात मांडायची: त्रास कोणता, कुणाला, आणि काय साधले म्हणजे तो सुटला असे म्हणायचे. त्यानंतरच उपकरणाचा नमुना, चाचण्या, पेटंट, कंपनी. आधी गरज, मग उपाय. पद्धत चांगली आहे, माझे तिच्याशी भांडण नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की गरज पाहणारा डोळा कुणाचा?

मी सहा वर्षे विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात कंत्राटी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. सिकलसेलची तपासणी हे माझे रोजचे काम. परीक्षानळीत औषध, त्यात रक्ताचा थेंब, मागे काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर ठीक. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे या चाचणीतून कळत नाही, त्यासाठी पुढची तपासणी लागते. पूर्व विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आहे तसाच आपल्या बौद्ध समाजातही आहे. गढूळ झालेल्या नळीवर चिकटवलेली आडनावे मला ओळखीची असत.

त्या काळात अशीच एक टीम आमच्याकडे आली. कुठली ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या चौघांचा नाही. मुले हुशार होती, कष्टाळू होती, नम्र होती. चार आठवडे त्यांनी डॉक्टरांना विचारले, अधिष्ठात्यांना विचारले, मलाही विचारले. त्यांच्या यादीत सिकलसेल होताच. गरज त्यांनी लिहिली ती अशी: दुर्गम भागात कमी वेळात, कमी खर्चात निदान करणारी चाचणी. चुकीची नव्हती. पण रोज संध्याकाळी ती मुले आपल्या मुक्कामी जात, आणि त्या आजाराचे खरे स्वरूप रात्री दिसते.

रात्री दोन वाजता बाप आपल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला दुचाकीवर मधे बसवून अपघात विभागात आणतो. तिचे हाडन्‌हाड ठणकत असते. विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकल्या की ज्या वेदना होतात त्या बाहेरून दिसत नाहीत. जखम नाही, सूज असेलच असे नाही, कधी तापही नसतो. ड्युटीवरचा माणूस म्हणतो, ‘‘नाटक करते आहे, सलाईन लावा आणि बसवा.’’ हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा ऐकले. ज्या आयाबाई त्या मुलीचे पाय चोळत बसत त्यांना सगळे ठाऊक होते. कोण खरे तळमळते हे त्या नुसत्या श्वासावरून सांगत. पण टीमच्या वहीत आयाबाईंचे एक वाक्यही नव्हते. त्या मुलीची गरज वेगळी होती: तिच्या वेदनेवर विश्वास ठेवला जावा आणि औषध वेळेत मिळावे. ही गरज त्या यादीत नव्हती, कारण ज्याच्या घरात अशी मुलगी आहे असा एकही माणूस त्या टीममध्ये नव्हता.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत सिकलसेल हा मुख्यतः कृष्णवर्णीयांचा आजार, म्हणून तो कित्येक दशके दुर्लक्षित राहिला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक पँथर पक्षाने आपले मोफत दवाखाने उघडले आणि वस्त्यावस्त्यांत सिकलसेलची तपासणी सुरू केली. 1972 साली अमेरिकी सरकारला सिकलसेल नियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली. आपण ब्लॅक पँथरचे नाव घेतले, त्यांचा बाणा घेतला, कविता आणि मोर्चा घेतला. त्यांचा दवाखाना मात्र आपल्याकडे तितका पोहोचला नाही. तो आता घ्यायला काय हरकत आहे?

आपल्याकडे 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचे लक्ष्य आहे. तिचा मुख्य रोख आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्यांमधला रुग्ण या चित्रात ठळक दिसायचा असेल, तर मागणी आपल्यालाच करावी लागेल.

कुणी म्हणेल, यंत्राला जात नसते. यंत्राला नसेल, पण यंत्र कुणाच्या शरीरावर तपासून बनवले याला इतिहास असतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोरोनाच्या काळात घराघरात पोहोचला. 2020 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घटलेला असताना ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. हे उपकरण प्रकाशावर चालते, आणि त्वचेचा गडद रंग त्या प्रकाशाच्या आड येतो. कुणी मुद्दाम वाईट हेतूने ते बनवले नव्हते. बनवताना काळी त्वचा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, एवढेच. तेवढे जीव धोक्यात घालायला पुरते.

आता टीमविषयी. जातिव्यवस्था म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले. आज ज्याला ‘बहुशाखीय टीम’ म्हणून मिरवले जाते तिच्याकडे या कसोटीवर पाहा. विद्यापीठाच्या चार शाखा एकत्र आल्या, पण चौघेही एकाच सामाजिक थरातून आले, तर शाखा बदलल्या, वस्ती बदलली नाही. आणि ज्यांचे हात प्रत्यक्ष रुग्णाला लागतात त्या आयाबाई, वॉर्डबॉय, सफाई कामगार, एएनएम, आशाताई यांच्या ज्ञानाला शाखा समजलेच जात नाही.

त्यांच्या ज्ञानाची किंमत काय असते याचे उत्तर जयपूर फूटमध्ये आहे. पाय गमावलेल्या गरीब माणसाला उकिडवे बसता यावे, शेतात अनवाणी चालता यावे असा रबराचा पाय जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात घडला. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण न झालेले कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या एकत्र कामातून तो घडला. 1981 चा मॅगसेसे पुरस्कार मात्र डॉ. सेठींना मिळाला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 29 नोव्हेंबर 1944 रोजी निळ्या पडलेल्या बाळाच्या हृदयावरची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सर्जन ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून व्हिव्हियन थॉमस त्यांना एकेक टप्पा सांगत होते. तंत्र प्रयोगशाळेत कुत्र्यांवर थॉमस यांनीच बसवले होते. ते कृष्णवर्णीय होते आणि कॉलेजात गेलेले नव्हते. शस्त्रक्रियेला नाव पडले दोन डॉक्टरांचे. विद्यापीठाने थॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली ती 1976 साली.

हा इतिहास मी अलीकडेच माझ्या पुतणीला सांगितला. ती बायोमेडिकल इंजिनिअर आहे. अशाच एका फेलोशिपच्या टीममध्ये तिला घेतले गेले. पहिल्याच बैठकीत मार्गदर्शक तिला म्हणाले, ‘‘तू वस्तीशी संपर्क आणि संमतीपत्रके बघ, डिझाइन हे दोघे बघतील.’’ तिने मला फोन केला. ‘‘काका, मी सर्किट शिकले की सतरंज्या अंथरायला शिकले?’’

मी म्हणालो, ‘‘सोडू नकोस. संपर्काचे काम कर, कारण ते तुझ्याइतके कुणाला जमणार नाही. पण सर्किटही तूच काढ, आणि काढलेला प्रत्येक कागद तारीख घालून जपून ठेव.’’ तिने तसे केले. पुढच्या बैठकीत तिने आपला आराखडा टेबलावर ठेवला, आणि तो बाजूला सारणे कुणाला जमले नाही. आज त्या उपकरणाचा संवेदक तिने काढलेल्या आराखड्यावर चालतो. पेटंटच्या अर्जात शोधक म्हणून कुणाकुणाची नावे जातात हे अजून ठरायचे आहे. त्याकडे आमचे लक्ष आहे.

पेटंटच्या बाबतीत आपल्या मुलांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अर्जदार आणि शोधक हे दोन वेगळे असतात. मालकी संस्थेकडे जाऊ शकते, पण शोधक म्हणून नाव नोंदवून घेण्याची तरतूद 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 28 मध्ये आहे. टीममध्ये शिरतानाच कामाची वाटणी लेखी मागा. त्यात संकोच कसला?

आपल्या चळवळीतील काही ज्येष्ठांना हा सगळाच विषय पटत नाही. ते म्हणतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, औषध नाही, तिथे उपकरणाचे स्टार्टअप काय करणार? हे खासगीकरणाचे चोचले आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सरकारी आरोग्यसेवेसाठीचा लढा सोडून यंत्राच्या मागे लागावे असे मी म्हणतच नाही. पण बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. यंत्राला दोष देणारी गांधीवादी भूमिका त्यांनी नाकारली. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे ते मानत. सरकारी रुग्णालय उपकरणे विकत घेणारच आहे. ती कुणी, कुणाच्या गरजेसाठी बनवावीत हा राजकीय प्रश्न आहे, आणि तो आपण सोडून दिला म्हणून सुटत नाही.

म्हणून काही ठोस गोष्टी. सरकारी पैशावर चालणाऱ्या अशा फेलोशिपमध्ये किती अनुसूचित जाती-जमातीचे फेलो घेतले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. निवड मुलाखतीवर होत असेल तर मुलाखत मंडळात कोण बसते तेही विचारा. गरजांच्या यादीवर रुग्ण आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची सुनावणी झाली पाहिजे, अशी मागणी करा.

आणि केवळ मागणीवर थांबू नका. आरक्षणातून शिकलेले डॉक्टर आज जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. आपले इंजिनिअर आहेत, फार्मासिस्ट आहेत, परिचारिका आहेत. ते एकमेकांना 14 एप्रिलच्या मिरवणुकीत भेटतात, कामाच्या टेबलावर भेटत नाहीत. बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार त्यांना एकत्र बसवा. सोबत एक आशाताई आणि एक रुग्ण बसवा, आणि त्यांना आधी बोलू द्या. गरज एका वाक्यात लिहा. पैशाचे मार्ग आहेत. बायरॅकच्या बिग योजनेत कल्पनेच्या टप्प्यावर 50 लाखांपर्यंत अनुदान मिळते. अनुसूचित जातीच्या तरुण उद्योजकांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशनमध्ये तीन वर्षांत 30 लाखांपर्यंत भांडवलाची तरतूद केली गेली. चालू नियम आणि मुदती स्वतः तपासा, अर्ज करा, नाकारला तर कारण लेखी मागा आणि पुन्हा करा.

1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांना स्वतः उचलून डॉ. यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या, आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. सासू-सुनांच्या, आयाबायांच्या त्या हातांना जे कळते ते आता सर्किटमध्ये, नमुन्यात आणि पेटंटच्या अर्जात उतरले पाहिजे. ते उतरवणारी पिढी तुमची आहे.

जय भीम.