लंकेची सहल : आधीं महिना, मग मुक्काम

उष्ण कटिबंधांतील एखाद्या देशीं जाऊन अरण्यें, पर्वत व समुद्र पाहावे, थोडें साहसही करावें, अशी हौस हल्लीं पुष्कळ कुटुंबांत दिसते. आमच्या घरीं श्रीलंकेचा बेत निघाला, तेव्हां मंडळींनीं प्रथम स्थळांची यादी केली व महिना मागाहून ठरविण्याचें योजिलें. आमच्या मतें हा क्रम उलटा होय.

कारण, त्या बेटावर पाऊस दोन दिशांनीं येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा पश्चिम व दक्षिण भागांस झोडपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा पूर्व व उत्तर भागांस भिजवितो. मध्यें पर्वत असल्यामुळें एक अंग ओलें, तर दुसरें कोरडें. महाबळेश्वर व माणदेश ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें अधिक फोड करून सांगावयास नको.

आतां आपल्या सुट्ट्या पाहा. दिवाळीचे दिवस तिकडे वादळांच्या हंगामास लागून येतात. नोव्हेंबर २०२५ मधील 'दितवा' वादळांत डोंगराळ भागीं दरडी कोसळल्या व देशांत शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं. मुलेंबाळें घेऊन त्या दिवसांत डोंगरांत जाणें आम्हांस मान्य नाहीं. ऑगस्ट-सप्टेंबरांत मिन्नेरिया येथें महासेन राजाच्या प्राचीन तलावाचें पाणी ओसरून गवत उगवतें व तें चरावयास हत्तींचे कळप जमतात. पण गौरी-गणपतींत घराला कुलूप कोण लावणार?

राहिली उन्हाळ्याची सुट्टी. मे लागल्यावर निघणारांनीं सरळ पूर्वेस त्रिंकोमाली गांठावें. तेथील समुद्र तेव्हां शांत असतो, देवमासे दिसण्याचा संभव असतो, आणि जवळच्या कबुतर बेटाभोंवतीं प्रवाळ पाहावयास मिळतें. सिंहराजाचें पर्जन्यारण्य मात्र नैर्ऋत्येकडील. पावसांत तेथें जळवा फार.

आमचें स्वतःचें मन श्रीपाद पर्वताकडे ओढतें. उंची २२४३ मीटर; पायऱ्या पांच हजारांहून अधिक. माथ्यावरील पाउलाच्या खुणेस बौद्ध लोक बुद्धाची म्हणतात, हिंदू शिवाची, मुसलमान आदमची. रात्रीं चढूं लागावें, म्हणजे सूर्योदयीं आकाश निरभ्र असल्यास पर्वताची त्रिकोणी छाया पश्चिमेस पडलेली दिसते. यात्रेचा काळ मार्गशीर्षी पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत; त्या त्या पौर्णिमांस गर्दी लोटते, ते दिवस टाळावे.

म्हणून परीक्षा आटोपतांच, एप्रिलअखेर, वैशाखी पौर्णिमेच्या आधीं निघावयाचें ठरलें आहे. त्या दिवसांत दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, तेव्हां हिंडणें सकाळींच उरकावें. तरुण मंडळी कितुलगल येथें केळणी नदीच्या खळाळांतून रबरी तराफ्यानें जाणार. अंगांत तरंगतें जाकीट असल्याखेरीज कोणीं तराफ्यास पाय लावूं नये, ही आमची अट. स्त्रीवर्गास सीता एलियाचें मंदिर पाहावयाचें आहे. वाल्मीकींची लंका हीच कीं काय, हा पंडितांचा वाद त्यांच्यापुढें काढण्याचें साहस आम्हीं यादींत घेतलेलें नाहीं.

आमचें वय साठीपलीकडचें. श्रीपादाच्या जितक्या पायऱ्या गुडघे चढूं देतील तितक्या चढूं; वरची हकीकत पुतण्यांनीं खालीं येऊन सांगावी.