पुसण्यापूर्वीं विचारणारी कळ

आपला हात हा आपला फार विश्वासू सेवक आहे, अशी आमची कित्येक वर्षांची समजूत होती. गेल्या जून महिन्यांत त्या समजुतीस जो धक्का बसला, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. हकीकत संगणकाच्या एका कळीची आहे. तथापि ज्यांस त्या यंत्राचा गंध नाहीं त्यांनींही ती वाचावी, कारण तिचा संबंध यंत्रापेक्षां माणसाच्या संवयीशीं अधिक आहे.

आमची सारी नोकरी धुळ्यास संस्कृत शिकविण्यांत गेली. निवृत्तीनंतर आम्ही जळगांवीं मुलाकडे राहतों. आमच्या कांहीं जुन्या विद्यार्थ्यांनीं मिळून गरजू मुलांची फी भरण्यासाठीं एक लहानसा निधि चालविला आहे व त्याचा हिशेब आमच्याकडे आहे. मुलें १४. हिशेबाचा तक्ता संगणकावर असतो. त्यांत नांव, इयत्ता, रकमा, बेरीज आणि सर्वांत शेवटीं 'शेरा' असे रकाने आहेत. हा शेवटचा रकानाच खरा महत्त्वाचा. एका मुलाचे वडील घर सोडून गेले आहेत, तेव्हां पत्र मामांच्या पत्त्यावर धाडावें. एका मुलीच्या आजोबांस मदत घेणें अपमानाचें वाटतें, तेव्हां त्यांच्यापुढें फीचा विषय काढूं नये. अशा गोष्टी त्यांत लिहिलेल्या. त्या आम्हांस एकेकदांच, खालच्या आवाजांत सांगितल्या गेल्या होत्या. पुन्हां कोणास विचाराव्या लागूं नयेत, म्हणूनच आम्हीं त्या लिहून ठेविल्या होत्या.

इतकीं वर्षें आम्ही 'ओपन ऑफिस' नांवाच्या जुन्या प्रणालीवर हें काम करीत होतों. तिच्यांत 'डिलीट' ही कळ दाबली कीं मजकूर लगेच पुसला जात नसे. एक चौकट पुढें येऊन विचारी : काय काय पुसावयाचें? अक्षरें, आकडे, तारखा, कीं सूत्रें? दर जूनमध्यें गतवर्षीचा हिशेब कागदावर छापून झाला, कीं आम्हीं सारा तक्ता निवडावा, डिलीट दाबावें, चौकटींत केवळ 'आकडे' या शब्दापुढें खूण करावी आणि होकार द्यावा. रकमा तेवढ्या जात. नांवें, शेरे व बेरजेचीं सूत्रें जागच्या जागीं राहत. झालें नवें वर्ष सुरू!

गेल्या उन्हाळ्यांत तो जुना संगणक निकामी झाला. एका माजी विद्यार्थ्यानें नवा आणून दिला व त्यावर 'लिब्रे ऑफिस' बसविलें. हें त्याच वंशांतलें. २०१० सालीं ओपन ऑफिसच्या कांहीं कर्त्यांनीं वेगळें होऊन ही शाखा काढिली. जुना तक्ता नव्यांत जसाच्या तसा उघडला, त्यामुळें आम्ही निर्धास्त होतों. जूनमध्यें नेहमींप्रमाणें तक्ता निवडला, डिलीट दाबलें, आणि चौकट आलीच नाहीं. तक्ता मात्र पांढरा झाला! आम्ही घाबरलों. यंत्र अडकलें असावें असें वाटून, अधिक कांहीं बिघडूं नये म्हणून, आम्हीं फाइल जतन केली आणि बंद केली. पुन्हां उघडून पाहतों तों १४ ओळींच्या जागीं १४ रिकाम्या ओळी.

सायंकाळीं तो विद्यार्थी आला. सारें ऐकून घेऊन म्हणाला, "गुरुजी, इथं डिलीट आणि बॅकस्पेस यांची अदलाबदल झालीय. आतां डिलीट न विचारतां पुसतं. विचारायचं काम बॅकस्पेसकडे गेलं." जुनी रीत हवी असल्यास तिचीही सोय कर्त्यांनीं ठेविली आहे : 'टूल्स'मध्यें 'ऑप्शन्स', तेथें 'लिब्रे ऑफिस कॅल्क', त्याखालीं 'कम्पॅटिबिलिटी', आणि तेथें 'की बाइंडिंग्ज'च्या यादींत 'डिफॉल्ट'ऐवजीं 'ओपन ऑफिस डॉट ऑर्ग लेगसी' निवडावें. त्यानें तें करून दाखविलें. मग जरा थांबून म्हणाला, "तक्ता पांढरा झाला तेव्हांच कंट्रोल आणि झेड दाबलं असतंत, तर सगळं परत आलं असतं. फाइल बंद केली कीं तो रस्ताही बंद होतो."

आम्ही ओशाळलों. लोप म्हणजे नाश नव्हे, केवळ न दिसणें, अशी पाणिनीची व्याख्या आहे. लोपलेला प्रत्यय दिसत नसला तरी आपलें कार्य करून जातो, हें आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें. डिलीटनें केला तो लोपच होता. नाश केला तो आमच्या घाईनें.

हिशेबाची छापील प्रत धुळ्यास एका स्नेह्यांकडे होती. दुसऱ्याच दिवशीं एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यानें बसनें निघालों. धुळें हें जुन्या कागदांचें व पोथ्यांचें गांव. १९२६ सालीं इतिहासाचार्य राजवाडे तेथेंच निवर्तले व पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ निघालें. नोकरीच्या काळांत हस्तलिखितें पाहण्याचा योग आम्हांस तेथें अनेकदां आला. लेखनिकाची चूक झाली कीं तो त्या अक्षरांवर हरताळाचा पिंवळा लेप देई; 'हरताळ फासणें' हा आपला वाक्प्रचार त्यावरूनच आला. हरताळ खलावा, भिजवावा, लावावा, वाळूं द्यावा! इतक्या वेळांत खरोखर हेंच पुसावयाचें आहे काय, हा विचार लेखनिकाच्या मनांत येऊन जात असेल. आमच्या एका बोटाला तेवढी सवड नव्हती. आणि होती ती आम्हीं घेतली नाहीं.

स्नेह्यांनीं प्रत काढून दिली. नांवें होतीं, इयत्ता होत्या, रकमा होत्या. शेरा नव्हता. खाजगी गोष्टी कागदावर फिरूं नयेत म्हणून तो रकाना आम्हींच छापीत नव्हतों.

आठवून आठवून १३ शेरे लिहून काढले. चौदावा आठवेना. कांहीं तरी नाजूक होतें एवढेंच स्मरे. फीची मुदत जवळ आली, तेव्हां त्या मुलाच्या आईकडे जाणें भाग पडलें. आडवळणानें विषय काढिला. तिनें पदर सांवरला आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्हांला तर मागच्या वर्षीं सगळं सांगितलं होतं." मग खालीं पाहून तिनें पुन्हां सांगितलें. काय तें येथें लिहिणें योग्य नव्हे. तें सांगतांना तिला जे कष्ट झाले, ते वांचविण्यासाठींच तो रकाना होता.

घरीं येऊन आम्हीं संगणक उघडला व विद्यार्थ्यानें लावून दिलेली जुनी रीत काढून नवीच ठेविली. मुलगा एक्सेलवर काम करितो, तेथेंही डिलीट न विचारतांच पुसतें. उद्यां त्याच्या यंत्रापुढें बसण्याचा प्रसंग आला, तर हात पुन्हां फसावयाचा. परंतु खरें कारण निराळें आहे. इतकीं वर्षें सावध होती ती चौकट; आम्ही नव्हतों. तिच्या सावधपणास आम्ही आपलें शहाणपण समजत आलों.

आतां पुसण्यापूर्वीं आम्ही फाइलीची दुसरी प्रत करितों. पुसणें तें बॅकस्पेसनें, चौकटींतला प्रश्न वाचून. पडद्यावर अनपेक्षित कांहीं दिसलें, तर जतन न करितां हात मागें घेतों आणि मग कंट्रोल-झेड. शिवाय शेऱ्यांसाठीं एक वही केली असून ती कपाटांत कुलुपांत असते. तिच्यांत पहिला शेरा शाईनें लिहिला, तो त्या चौदाव्या मुलाचा.