चार कवड्या, तीन नातवंडे

बँकेच्या नोकरीत ३६ वर्षे मी दिवसाखेर हिशेब जुळवला. पैशाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत जागचा उठलो नाही. त्यामुळे दोन दिवस तीन नातवंडे सांभाळणे आपल्याला जड जाणार नाही, असा माझा समज होता. गेल्या मे महिन्यात तो पार उतरला.

सौ.च्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुलगा व सून तिला घेऊन बारामतीला गेले. लोणी देवकरच्या घरी मी आणि सुट्टीला आलेली तिघे उरलो. थोरली नात बारा वर्षांची, मधला नातू आठ, धाकटी चार. आमच्या इंदापूर तालुक्यात पाऊस थोडा आणि ऊन फार. मे महिन्यात सकाळी दहानंतर मुलांना अंगणात सोडण्याची सोय नसते.

पहिल्या दिवशी मी कामाची वाटणी केली. थोरलीला पुस्तक, मधल्याला बुद्धिबळ, धाकटीला रंगखडू. अर्ध्या तासात धाकटीने पटावरचा राजा पळवला, मधल्याने तिला ढकलले, रडारड झाली आणि थोरलीने आतल्या खोलीचे दार लावून घेतले. शेवटी मी माझा मोबाईल धाकटीच्या हाती दिला. घर एकदम शांत झाले. संध्याकाळी सौ.चा फोन आला. ‘‘मुले शांत आहेत,’’ असे मी समाधानाने सांगितले. ती म्हणाली, ‘‘तीन मुले आणि शांत? म्हणजे एकत्र नाहीत.’’ खरेच होते ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि मोबाईलही मिटला. तेव्हा मला माझ्या आजीचा पट आठवला. पर्युषणाच्या दिवसांत ती आम्हा नातवंडांना ज्ञानबाजी खेळायला बसवीत असे. मराठीत यालाच मोक्षपट म्हणतात. अनेक जैन पटांवर ८४ घरे असतात. खाली नरक, वर स्वर्ग आणि सर्वांत वर सिद्धशिला. शिड्या पुण्याच्या, साप पापाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडला पोहोचला आणि पुढे सापशिडी म्हणून जगभर गेला. वाटेत घरांची नावे मात्र गळून पडली.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही ८४ घरे आखली. थोरलीने साप काढून त्यांना क्रोध, लोभ, असत्य अशी नावे दिली. मधल्याने आकडे घातले. चिंचोके धाकटी तोंडात घालील म्हणून देवघरातल्या चार मोठ्या कवड्या घेतल्या आणि सर्वांसाठी त्या टाकण्याचा मान तिला दिला. जितक्या उताण्या तितकी घरे, चारही पालथ्या पडल्या तर आठ.

बुद्धिबळात बारा वर्षांपुढे चार वर्षांचे काय चालणार? कवड्या मात्र वय पाहत नाहीत. धाकटी भराभर वर चढली आणि थोरलीही आतल्या खोलीचा विचार सोडून मांडी घालून बसली. अडीच तास कोणी उठले नाही.

मग माझ्या हातून चूक झाली. धाकटीची सोंगटी एका सापापासून तीन घरे मागे होती. कवड्या पडल्या : तीन उताण्या, एक पालथी. ती रडेल या भीतीने मी चटकन ‘‘चार!’’ म्हणालो आणि सोंगटी सापापलीकडे ठेवली.

‘‘आजोबा, तीन आहेत,’’ थोरली म्हणाली.

‘‘असू दे गं, लहान आहे ती.’’

ती माझ्याकडे पाहत राहिली. ‘‘मग मी लहान असताना जिंकायचे, तेही तुम्ही असंच करायचात?’’

मला उत्तर सुचले नाही. करत होतोच मी. तिच्या बालपणीचे सगळे विजय माझ्या एका शब्दाने संशयास्पद झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधणाऱ्या माणसाची चूक बारा वर्षांच्या मुलीने पकडली होती. मी हात जोडून तिला ‘‘मिच्छामि दुक्कडम्’’ म्हणालो. संवत्सरीला हे शब्द शेकडो वेळा उच्चारले असतील. त्या दिवशी मात्र ते जड गेले.

तिने न बोलता धाकटीची सोंगटी सापाच्या तोंडाशी आणली. धाकटीने ती शेपटीपर्यंत सरकवत नेली आणि टाळ्या पिटल्या, ‘‘घसरगुंडी! परत जायचं!’’ पडण्याची भीती तिला नव्हतीच. ती माझी होती. त्यानंतर थोरलीने माझी सोंगटी उचलली आणि असत्याच्या सापाने तिला तळाशी नेले. तिघेही पोट धरून हसली.

तिसऱ्या दिवशी सौ. काळा चष्मा लावून परतली. तिघांनी पट तिच्यापुढे पसरला. ‘‘कोण जिंकलं?’’ तिने विचारले.

‘‘अजून कोणीच नाही,’’ थोरली म्हणाली, ‘‘आजोबा फार खाली आहेत. त्यांच्यासाठी थांबलोय.’’