तिची सुट्टी, माझा शब्बाथ

शनिवारी हात थांबवायचे, हे आमच्या घरात कुणी समजावून सांगितले नाही. ते अंगवळणीच पडले. आम्ही सातव्या दिवसाच्या अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीतले. शुक्रवारचा सूर्य मावळला की शब्बाथ लागतो आणि शनिवारचा मावळला की संपतो. शुक्रवार हा तयारीचा दिवस. आई दुपारपासूनच दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाला लागे. पाणी भरून, केर काढून, कपड्यांना इस्त्री करून दिवेलागणीला ती पदराला हात पुसत बसली, की पुढच्या संध्याकाळपर्यंत घरात विळीचा आवाज होत नसे. कर्जतच्या भिसेगावातल्या शेजाऱ्यांना याचे फारसे नवल नव्हते. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शनिवार पाळणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली होती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या बेने इस्रायली यहुद्यांना कोकणाने ‘शनवार तेली’ म्हटले, कारण त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. घाणा बंद म्हणजे बैलालाही सुट्टी. हे बैलाचे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

वडील मात्र रेल्वेत होते आणि त्यांनी आमच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला नव्हता. कर्जतला मागे बँकर इंजिन लावल्याशिवाय गाड्या बोरघाट चढत नसत, तिथला चढच सदतिसास एक असा आहे. या कामाला वार नसतो. शनिवारी आम्ही प्रार्थनेला बसत असू तेव्हा बाबा डबा घेऊन कामावर निघत. आई त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना करी. त्यांना शब्बाथ मिळत नाही याचे तिला दुःख होते. मला त्या वयात ते त्यांचे उणेपण वाटे.

पुढे मी परिचारिका झाले. रुग्णालयाला शनिवार-रविवार नसतो, म्हणून मी पहिल्या महिन्यापासून अदलाबदल केली. सगळे रविवार माझे, दिवाळीतल्या रात्रपाळ्या माझ्या, गणपतीत गावाला जाणाऱ्यांच्या ड्युट्या माझ्या, फक्त शनिवार मोकळा द्या. कर्जत लोकलने उभ्याने प्रवास करून, कधी सलग दोन पाळ्या करून मी ते निभावले. माझा शब्बाथ मी कष्टाने कमावला आहे, असे मला मनापासून वाटे, आणि त्यात खोटे काही नव्हते.

म्हणूनच शब्बाथाच्या दिवशी ‘सेवाकार्य’ काढणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही. आमच्या मंडळीतल्या एका तरुणाने दर महिन्याच्या एका शनिवारी आदिवासी वाडीवर आरोग्य शिबिर घ्यावे असे सुचवले, तेव्हा सर्वांत ठाम विरोध माझा होता. मरणाच्या दारातला माणूस असेल तर प्रश्नच नाही. खड्ड्यात पडलेले मेंढरू शब्बाथाला बाहेर काढावे की नाही, हा वाद येशूने केव्हाच मिटवला आहे. यहुदी धर्मशास्त्रातही जीव वाचवण्यापुढे शब्बाथ बाजूला ठेवतात. पण कंबरदुखीच्या गोळ्या रविवारी वाटता येतात. शनिवारी रांगा लावायच्या, टेबले मांडायची, फोटो काढायचे, संध्याकाळी दमून घरी यायचे आणि त्याला शब्बाथ म्हणायचे, हे मला पटत नव्हते. परदेशी मिशनला जाणाऱ्यांबद्दल तर अधिकच. विश्रांतीचा दिवस ज्याला घरात पाळता येत नाही, तो विमानाने जाऊन कसा पाळणार, असे मी बोलूनही दाखवले आहे.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला. तो शनिवार होता. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे तिथल्या बहुतेक सगळ्याच ख्रिस्ती मंडळ्या, कोणत्याही पंथाच्या असोत, शनिवारीच उपासनेला जमतात. बाराला काही मिनिटे कमी असताना धरणी हलली आणि प्रार्थना चालू असलेल्या काही ठिकाणी छपरे खाली आली. त्याच सुट्टीमुळे शाळा बंद होत्या. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण मुले आत नव्हती. एकूण सुमारे नऊ हजार माणसे गेली. वार दुसरा असता तर त्यात किती मुले असती, याचा विचार करवत नाही. त्या दिवसाने कुणाला वाचवले आणि कुणाला नेले, याचा अर्थ लावायला मी धजत नाही.

मंडळीतर्फे डॉक्टर-परिचारिकांचा गट निघाला आणि रजा साठलेली असल्यामुळे मी नाव दिले. काठमांडूच्या पूर्वेला काभ्रे जिल्ह्यात, बनेप्याच्या पुढे डोंगरात एका स्वास्थ्य चौकीजवळ आमचा मुक्काम होता. ९ मेचा शनिवार जवळ आला तेव्हा मी आधीच सांगून टाकले, की तातडीचा रुग्ण आला तर मला उठवा, एरवी मी प्रार्थनेत असेन. कुणी आग्रह केला नाही.

चौकीवर एक अनमी होती. आपल्याकडे ज्या सहायक परिचारिकेला एएनएम म्हणतात, तिला तिकडे अनमी म्हणतात. तिचे घर पडले होते, म्हैस ढिगाऱ्याखाली गेली होती, सासू आणि मुलगा ताडपत्रीखाली राहत होते. भूकंपाच्या दुपारपासून ती कामावर होती आणि तिला बदली कुणी नव्हते. ढिगाऱ्यातून धान्य, भांडी उपसताना पत्र्याने कापलेले हात घेऊन माणसे येत, जखमेत हळद आणि माती एकजीव झालेली असे. ती एकेक जखम धुऊन पट्टी बांधी आणि ओल लागून फुगलेल्या रजिस्टरमध्ये नोंद करी. शुक्रवारी संध्याकाळी मी तिला सहज विचारले, उद्या तुमची सुट्टी ना? ती हसली आणि म्हणाली, “दिदी, छुट्टी त देशको हो.” सुट्टी देशाची, तिची नव्हे.

मी रात्रभर जागी होते. आजवर मी घेतलेला एकेक शनिवार कुणीतरी भरून काढला होता. माझ्या जागी उभ्या राहिलेल्या त्या बायांनाही घर होते, मुले होती. मी त्यांना रविवार दिला, हिशेब चुकता केला. पण त्या शनिवारी कोण काम करते आहे, हे मी प्रार्थनेत कधी आठवले नव्हते. आणि बँकरवर काम करणारे बाबाही. चौथ्या आज्ञेत विश्रांती एकट्या घरधन्याची नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळ्यांची नावे त्यात घेतली आहेत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात तर कारणही दिले आहे: तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. हा भाग मला पाठ होता.

सकाळी आम्ही लवकर उपासना उरकली आणि मी चौकीवर गेले. तिला म्हटले, किल्ली द्या, आज मी बसते. तिला आधी खरे वाटेना. मग तिने औषधांच्या पेटीची किल्ली दिली, टिटानसच्या सुया थोड्याच उरल्यात असे बजावले, आणि सरळ नळावर जाऊन केस धुतले. भूकंपानंतर पहिल्यांदा. ओले केस मोकळे सोडून ती ताडपत्रीखाली झोपली ती दुपारी उठली, आणि मुलाला घेऊन पडलेले घर बघायला गेली. मी त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पट्ट्या बांधल्या. बहुतेक दुखणी किरकोळ होती, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकली असती. तिची झोप थांबू शकली नसती. मंगळवारी, १२ मेला, पुन्हा मोठा धक्का बसला आणि चौकी परत भरून गेली. तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती, चार तास झोपलेल्या माणसाच्या हातांनी काम करत.

माझे मत पूर्ण उलटे झाले असे समजू नये. सुट्टीच्या दिवशी आमच्या कर्जत तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर येणारे, शाळेची भिंत रंगवून संध्याकाळी परतणारे जथे मला अजूनही पटत नाहीत. त्यांच्यासाठी शिक्षकाला सुट्टीच्या दिवशी शाळा उघडावी लागते, अंगणवाडीताईला चहा करावा लागतो. बाहेरून आलेल्यांचा दिवस धन्य होतो आणि तिथल्यांचा जातो. मिशन परदेशी असो की वाडीवरचे, मी आता एवढेच विचारते, की तुमच्या येण्याने आज तिथे कोण घरी गेले?

आमच्या मंडळीत याच प्रश्नावरून काम सुरू झाले आहे. शनिवारी सकाळी उपासना, ती कुणी चुकवायची नाही. दुपारनंतर आम्ही दोघी-दोघी भिसेगाव, दहिवली, मुद्रे या भागांतल्या अशा घरी जातो, जिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे एकच माणूस करते. माझ्याकडे अर्धांगवायू झालेल्या काकांचे घर आहे. त्यांना कूस बदलून देणे, पाठीला पावडर लावणे, पेज भरवणे हे मी करते आणि काकू बाहेर पडतात. त्या मंडळीतल्या नाहीत आणि त्यांनी व्हावे अशी अटही नाही. मंडळीतले काही वडीलधारे अजून म्हणतात, की असे एकेक काम आत शिरले तर शब्बाथ उरणार नाही. त्यांची भीती मला कळते, मी तीच घेऊन वाढले. म्हणून मी त्यांना काकूंच्या दाराशी एकदा येऊन बसा म्हणते. दोघे आले, बाकीचे येतील.

आणि शिबिर सुचवणारा तो तरुण? त्याला मी स्वतःहून जाऊन भेटले. त्याला आता नेपाळला न्यायला गट बांधायचा आहे आणि मी त्याच्या यादीत आहे. जाण्याआधी तिथल्या परिचारिकांना पत्र लिहून विचारायचे, की तुम्हाला कोणता दिवस मोकळा हवा, एवढी एक अट मी घातली आहे. पत्राचा मसुदा त्याने केला आहे. नेपाळी मी तपासते आहे.