कळपाच्या मधोमध

काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या धावू लागल्या की माझं लक्ष पालखीवरून उडतं. परटांनी अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्या, मृदंग, उडणारी धूळ, आणि त्या धुळीतून वळसा घेत जाणारा पांढरा-काळा लोंढा. कडेला बापाच्या खांद्यावर बसलेलं एखादं पोर श्वास रोखून बघत असतं. यंदा त्या पोराकडे बघताना मला फार लांबचं एक चित्रपुस्तक आठवलं.

‘कॅरिबू साँग’, २००१ सालचं. टॉमसन हायवे यांनी ते क्री या आपल्या आदिवासी मातृभाषेत आणि इंग्रजीत, अशा दोन्ही भाषांत लिहिलंय. कॅनडाच्या उत्तरेला बर्फात कॅरिबू हरणांच्या मागे फिरणारं एक कुटुंब. थोरला ज्यो अकॉर्डियन वाजवतो, धाकटा कोडी नाचतो. दोघं मिळून कॅरिबूंना साद घालतात आणि खरोखरच कळप येतो. दोघांना पोटात घेऊन धडधडत निघून जातो. आईबापाच्या काळजाचं पाणी होतं. पोरं मात्र एका मोठ्या खडकावर बसून हसत असतात.

हायवे स्वतः असेच वाढले. जन्म १९५१ चा, बारा भावंडांत अकरावे. वडील कॅरिबूंचे शिकारी, कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या शर्यतीत नाव कमावलेले. सहा-सात वर्षांच्या टॉमसनची रवानगी निवासी शाळेत झाली. अशा शाळांत आदिवासी मुलांच्या तोंडची भाषा खुडून टाकत. पुढे ते पियानो शिकले, मैफलीच्या तोडीचे वादक झाले आणि ते सोडून सात वर्षं आपल्या लोकांत समाजकार्य करत राहिले. लिहायला लागले ते तिशीत. १९८६ मध्ये ‘द रेझ सिस्टर्स’ या नाटकानं त्यांचं नाव झालं. धाकटा भाऊ रेने नर्तक होता. तो १९९० मध्ये गेला. हे कळल्यावर मी ते छोटं पुस्तक पुन्हा उघडलं. एक वाजवतोय, एक नाचतोय. मला पुढचं पान उलटवेना.

क्री भाषेत स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. शब्दांचे दोनच गट, सजीव आणि निर्जीव. दगड सजीवांत मोडतो. आपल्याकडे एकट्या मेंढराला तीन लिंगं पुरवली आहेत: तो मेंढा, ती मेंढी, ते कोकरू. पण दगडाचं म्हणाल, तर शेंदूर लावलेल्या बिरोबाच्या तांदळ्याला आमच्या भागात कुणी निर्जीव म्हणून दाखवावं.

निमगाव केतकीजवळ आजीचं शेत होतं. कोकणात उतरलेले धनगरांचे वाडे मृगाच्या आधी परत वर येत. ज्वारी निघून रान मोकळं झालेलं असे, आजी त्यात मेंढरं बसवून घ्यायची. लेंडीखतासारखं खत नाही, असं तिचं ठाम मत. मोबदल्यात धान्य द्यायची, वर एक भाकरी जास्तच. घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं असे: हंडे, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, पिशवीतून डोकं बाहेर काढलेली कोकरं. एका साली एका घोड्यावर माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिच्या वाट्याला आजवर कुठलंही पुस्तक असं आलेलं नाही, ज्यात तिचा घोडा आहे, मेंढरं कोंडायची वाघर आहे, तिची बोली जशीच्या तशी आहे. ते असायला हवं होतं. अजूनही हवं आहे.

त्या साली एका संध्याकाळी, चरायला गेलेल्या मेंढ्या परतल्या. दिवसभर कोंडलेली कोकरं त्या मुलीनं एकदम सोडली. मग जो कल्लोळ झाला, तसा मी नंतर कधीच ऐकला नाही. शे-दीडशे आया एका दमात ओरडताहेत, तितकीच पिल्लं पायांतून, पोटांखालून धावताहेत, चुकीच्या कासेला तोंड लावून लाथ खाताहेत. मी बांधावर चढून बसले. ती मात्र त्या गर्दीत शिरली. एक कोकरू उचल, चार मेंढ्या ओलांड, पाचवीच्या पोटाशी सोड. परत ये, दुसरं उचल. एकदाही चुकली नाही. हळूहळू आवाज विरत गेला, आणि शेवटी नुसतं चुरूचुरू दूध ओढल्याचं ऐकू यायला लागलं.

मी विचारलं, “कोण कुणाचं ते तुला कसं कळतं?”

ती थांबली. प्रश्नच कळला नसावा तिला.

“तुझी आय तुला वळखू येत न्हाय व्हय?”

आजीनं तिला गूळ दिला. अर्धा तिनं फडक्यात बांधला, अर्धा मला दिला. सकाळी मी धावत रानात गेले तर वाडा हलला होता. चुलीचे तीन दगड अजून गरम होते.